बिस्मथच्या दोन वाटा

खडूचं टोक मोडलं ते नेमकं फळ्यावरच्या किरणोत्सारी बिस्मथ-२१२ पाशी, जिथून दोन बाण फुटतात तिथे. एक वाट थॅलियमकडे, दुसरी पोलोनियमकडे, आणि दोन्हींचा शेवट शिशातच... घटण्याचा एकूण वेग म्हणजे दोन्ही वाटांच्या वेगांची बेरीज, असं वर्गाला सांगता सांगता ज्योत्स्नाला वाटलं, तासाभरात हे निम्मंच उरतं — आणि आई?

आईला धुळ्याहून जळगावला आणलं तेव्हा तिला सगळं गणगोत आठवत होतं. मग काही माणसं पार पुसली गेली, आणि काही भलतीच होऊन बसली — ज्योत्स्ना कधी दवाखान्यातली बाई, कधी आईची वारलेली थोरली बहीण, अक्का. तरी रोज सकाळी चहा देताना ही विचारायचीच, "मी कोण, सांग बरं?" म्हातारी गोंधळायची, ओशाळून हसायची. अगं, आईची कुणी तोंडी परीक्षा घेतं का? पण जिवाला राहवतं थोडंच! आणि आशा होती, गणिताचीच: जितकं कमी उरतं तितकं कमी जातं, वेग मंदावत जातो, आलेख शून्याला टेकत नाही... काहीतरी उरतंच.

"मॅडम," पहिल्या बाकावरची भूमिका म्हणाली, "एकच अणू उरला तर? त्याचं अर्धं कसं होणार?"

"नाही होत. आलेख ढिगासाठी असतो. एकटा अणू असतो, नाहीतर नसतो."

"मग तो कधी जाणार?"

"ते सांगता येत नाही." उत्तर बरोबर होतं, आणि आई काही ढीग नव्हती.

दुपारी ती घरी आली तेव्हा आई खाटेवर पाय सोडून बसली होती. आज काही म्हणून विचारायचं नाही, असं ठरवून ज्योत्स्नाने तिच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली. आई खूश झाली, किती दिवसांनी! मान वळवून तिने ज्योत्स्नाच्या गालावरून हात फिरवला — इतक्या मायेने, की आता नाव घेईलच...

"चांगली पोर शे तू. आते घर जाय, बेटा. तुनी माय वाट दखत व्हई," आई आपल्या अहिराणीत म्हणाली.

"हो, जाते," ज्योत्स्ना म्हणाली. चपला घालून बाहेर पायरीवर येऊन उभी राहिली. रडू येईल असं वाटलं होतं. पण आतून आली ती लहानपणची धास्ती — आपल्याला फार उशीर झालाय, आई काळजीत असेल, आता पळत सुटायला हवं... आणि ती तिथेच उभी होती.