कृतीत नाव नसलेला खलबत्ता

मी खलबत्ता बोलतोय, आणि आधीच सांगतो, चिडून बोलतोय. अठ्ठावीस वर्षं गप्प बसावं लागलं तर कुणीही चिडेल. एक बाई ज्या प्रश्नापायी आयुष्यभर झुरल्या, त्याचं उत्तर माझ्या पोटात होतं. अगदी खरोखरच पोटात होतं. पण मला विचारतो कोण?

मी लाकडी आहे. उरुंदेय नावाच्या झाडाच्या बुंध्यातून मला कोरून काढलं. ते लाकूड इतकं कठीण की कोरणाऱ्याच्या दोन पटाश्या बोथट झाल्या आणि तो दिवसभर मला शिव्या घालत होता. आमच्या राजधानीच्या, असुन्सिओनच्या बाजारात मुळ्या-पाला विकणाऱ्या बाईच्या शेजारी मला मांडून ठेवलं. तिथून मला सिरिआकोनं उचललं. हा विद्यापीठाच्या औषधनिर्माण विभागात प्रयोगशाळेचा शिपाई होता. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, स्वभावानं देवमाणूस आणि धुण्याच्या बाबतीत महाआळशी.

वास्तविक माझ्यासारख्या लाकडाच्या ठोकळ्याला प्रयोगशाळेत काय काम? पण विभागाच्या दळणयंत्राची मोटर जळली होती. तिचा भाग साओ पावलोहून यायचा होता आणि आठ महिने झाले तरी येतच होता. चिनी मातीचे दोन खल फुटले. तेव्हा बाईंनी वैतागून सांगितलं, "काराई, कुठूनही काहीतरी आणा, पण मला ही वेल बारीक करून द्या." सिरिआको वयानं मोठा म्हणून बाई त्याला मानानं काराई म्हणायच्या. त्यानं दुसऱ्या दिवशी मला आणून टेबलावर ठेवलं.

या बाई म्हणजे प्राध्यापक निदिया बेनेगास. तेव्हा एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. हुकूमशाही संपून पाच वर्षं झाली होती आणि विद्यापीठात सगळ्यांनाच काहीतरी करून दाखवायची घाई होती. बाईंना कर्करोगावर औषध हवं होतं, आणि तेही इथल्याच रानातलं. आमच्याकडचे रोगी नदी ओलांडून अर्जेंटिनात जात, तिथल्या नातेवाइकांच्या ओसरीवर राहत आणि निम्मे परत येत नसत. हे बाईंना सहन होत नव्हतं. त्यांनी एक वेल शोधली होती. तिचं नाव मी सांगणार नाही, नाहीतर उद्या कुणीतरी ती कुटून प्यायला लागेल आणि पाप माझ्या माथी.

बाई पहिल्या वर्षाला शिकवायच्या तेव्हा दार उघडं असायचं, त्यामुळे त्यांचा तास मला पाठ आहे. "जे केलंत तेच लिहा," त्या सांगायच्या. "दहाऐवजी नऊ मिनिटं उकळलं असेल तर नऊ लिहा. लाज वाटली तरी नऊच लिहा." एखाद्यानं वहीत लबाडी केली की वही खिडकीबाहेर जायची. पोरं घाबरायची, पण त्यांच्याच तासाला बसायला जागा मिळायची नाही.

तर, वेल मी कुटू लागलो. म्हणजे बत्ता कुटायचा, मी सोसायचो. त्या भुकटीचा अर्क बाटलीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर टाकला आणि तिसऱ्या दिवशी बाईंनी सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलं ते पांढरंफटक पडून. पेशी मेल्या होत्या. शेजारच्या निरोगी पेशी मात्र ठणठणीत होत्या. बाईंनी सहा वेळा प्रयोग केला. सहाही वेळा तेच.

आता मला जे ठाऊक होतं ते ऐका. सिरिआकोला त्या महिन्यांत मूतखड्याचा त्रास होता. बाजारातल्या बाईनं त्याला एक कडू मुळी दिली होती, तेरेरेच्या, म्हणजे आमच्याकडच्या पाल्याच्या गार चहाच्या, पाण्यात टाकून प्यायला. तो सकाळी सातला यायचा, बाई यायच्या आत ती मुळी माझ्यात कुटायचा, आपल्या बाटलीत भरायचा आणि मला नळाखाली धरून एक गिरकी द्यायचा. झालं धुणं! मी लाकडी, माझ्या अंगाला शेकडो भेगा. मुळीचा चीक तिथंच राहायचा. नऊ वाजता त्याच चिकात बाईंची वेल पडायची. पेशी मारल्या त्या त्या दोघींनी मिळून. एकटीच्या बापाच्यानं ते झालं नसतं.

सिरिआको हे बोलला नाही, कारण दारावर बाईंच्याच हातची पाटी होती: इथे खाणं-पिणं सक्त मना. नमुन्याच्या खलात तेरेरेची मुळी कुटली हे कळलं असतं तर नोकरी गेली असती, असं त्याला वाटायचं. आणि त्यात एवढं काय बिघडतं, असंही वाटायचं. आमच्याकडे घरोघरी खलात आज पुदिना, उद्या मुळी, परवा आणखी काही कुटतात. कोण धुतंय इतकं?

पण मला खरा राग आला तो नंतर. बाई शोधनिबंध लिहायला बसल्या. मी टेबलावरच होतो. कृतीच्या भागात त्या "वेल वाळवून" इथपर्यंत आल्या आणि थांबल्या. माझ्याकडे बघितलं. परदेशातले मोठमोठे लोक हे वाचणार, त्यांना लाकडी खल लिहिलेला दिसला तर ते हसतील, असं त्यांच्या मनात आलं. तोंडावरच दिसत होतं ते. मग त्यांनी लिहिलं, "दळणयंत्रात बारीक करून". कुठलं दळणयंत्र? ते तर कोपऱ्यात मोटरीविना पडलं होतं! नऊच्या जागी दहा लिहिणाऱ्याची वही खिडकीबाहेर टाकणाऱ्या बाई या!

निबंध छापला गेला. वर्तमानपत्रात बाईंचा फोटो आला. परदेशातून मदत आली आणि तिच्यातून पोलादाचं नवंकोरं दळणयंत्र आलं. मला विभागाच्या ओसरीवरच्या तेरेरेच्या टेबलावर पाठवलं. आणि त्याच दिवसापासून वेलीनं काम करणं सोडून दिलं.

त्याच सुमाराला मिर्ना आकिनो आली, बाईंच्या हाताखाली डॉक्टरेट करायला. लुके गावची, पंचविशीची, अबोल, आणि हात इतका स्वच्छ की एक थेंब इकडचा तिकडे नाही. तीन वर्षं तिनं तोच प्रयोग केला. निबंधात लिहिलं होतं तसाच, अक्षरशः तसाच. पेशी मजेत वाढत राहिल्या. पहिल्या वर्षी बाई म्हणाल्या, वेल वेगळ्या मोसमात तोडली असेल. दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, पेशी जुन्या झाल्या असतील. तिसऱ्या वर्षी त्यांचा तोल गेला. विभागाच्या बैठकीत, सात-आठ प्राध्यापकांसमोर, त्या म्हणाल्या, "वेल तीच, यंत्र तेच, कृती तीच. मग राहिलं काय? मिर्ना, तुझा हात चांगला नाही."

मी ओसरीवर होतो आणि दार उघडं होतं. मिर्नानं आपले हात टेबलाखाली घेतले. पुढच्या आठवड्यात ती गेली ती कायमची. लुकेला जाऊन तिनं औषधाचं दुकान काढलं.

बाईंना संशय आला नाही असं नाही. मिर्ना असतानाच, दुसऱ्या वर्षी एका रविवारी त्या एकट्याच आल्या, मला आत नेलं आणि स्वतः वेल कुटली. अहो, मला वाटलं सुटलो! पण तोवर सिरिआकोचा खडा पडून गेला होता, मुळी केव्हाच बंद झाली होती आणि दोन वर्षांच्या पुदिन्यानं माझं पोट गुळगुळीत झालं होतं. पेशी मेल्या नाहीत. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. खलाचा काही संबंध नाही, म्हणजे आपलं ते एक वाक्यही निरुपद्रवी, असं त्यांनी स्वतःला समजावलं. इतक्या जवळ येऊन वळून गेल्या. मी काय करणार, डोकं आपटायला मला डोकंही नाही.

परदेशातल्या एका प्रयोगशाळेनंही करून बघितलं आणि सभ्य भाषेत कळवलं की जमत नाही. मदत थांबली. बाईंनी निबंध मागे घेतला नाही आणि पुढेही नेला नाही. त्यानंतर बावीस वर्षं त्यांनी फक्त शिकवलं. चांगलं शिकवलं. आज देशातल्या निम्म्या औषधदुकानांत त्यांचे विद्यार्थी उभे आहेत. पण "जे केलंत तेच लिहा" हे वाक्य त्या घाईघाईनं म्हणू लागल्या, फळ्याकडे तोंड करून.

पुढे कुठल्याशा तपासणीत लाकडी वस्तू बाद झाल्या. सिरिआको मला घरी घेऊन गेला. तो निवृत्त झाला, मागोमाग बाईही झाल्या. गेल्या मार्चमध्ये त्याच्या मनात आलं की डॉक्टरबाईंना जुनी आठवण भेट द्यावी. मग या भल्या माणसानं मला उकळत्या पाण्यात घातलं, सोडा लावून घासलं, पॉलिश पेपर फिरवला आणि वरून व्हार्निश मारलं. आयुष्यात पहिल्यांदा मला नीट धुतलं ते हे असं. भेगेत एखादा कण उरला असला तर तोही गेला. मी चकचकीत झालो, लग्नातल्या म्हाताऱ्यासारखा.

बाईंच्या ओसरीवर दोघं बसले. सिरिआकोनं चिपा, म्हणजे आमचे चीजचे पाव, आणले होते, ते गार होत होते. बाईंनी मला हातात घेतलं आणि बराच वेळ फिरवत राहिल्या.

"काराई, याच्याबाबतीत मी खोटं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "निबंधात. कुटलं यात आणि लिहिलं यंत्र. मला लाज वाटली होती."

सिरिआको आधी हसला. म्हणाला, एवढंच ना? मग त्याचं हसू ओसरलं. पेला खाली ठेवून तो अंगणातल्या आंब्याकडे बघत राहिला.

"डॉक्टर, रागावणार नसाल तर एक सांगतो. त्या दिवसांत मी यात माझी मुळी कुटायचो. मूतखड्याची. रोज सकाळी."

"रोज?"

"तुम्ही यायच्या आधी."

"धूत होता ना?"

"पाण्यानं," सिरिआको म्हणाला. मग हात गोल फिरवून म्हणाला, "एक गिरकी."

बाई ओरडल्या नाहीत. त्या उठल्या, आतून कागद आणि चष्मा घेऊन आल्या. कोणती मुळी, ओली की सुकी, किती, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, सगळं विचारून त्यांनी लिहून काढलं. अक्षर अजून तेच. मधेच सिरिआको रडायला लागला. त्याला वाटलं, आपल्या आळसानं बाईंचं आयुष्य बुडालं. बाई म्हणाल्या, "गप्प बसा काराई. तुमच्या आळसानंच तर ते सापडलं होतं. बुडवलं माझ्या एका वाक्यानं." मग लिहीतच म्हणाल्या, "आणि माझं नाही हो बुडलं. मी पंधरवड्याला पगार नेत होते, टाळ्या घेत होते. बुडालं त्या पोरीचं."

चार दिवसांनी बाई मला पिशवीत घालून बसनं लुकेला गेल्या. मिर्नाच्या दुकानात गर्दी होती. बाई रांगेत उभ्या राहिल्या, कुणाच्या तापाच्या गोळ्या, कुणाचं खोकल्याचं औषध संपेपर्यंत. त्यांचा नंबर आला तेव्हा मिर्नानं मान वर केली. पन्नाशीची झाली होती, केस अर्धे पांढरे. तिनं बाईंना लगेच ओळखलं.

बाईंनी मला काउंटरवर ठेवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आपलं यंत्राचं खोटं, सिरिआकोची मुळी, सगळं. मागच्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. मग कागद पुढे केला. निबंध छापणाऱ्यांना पाठवलेलं पत्र होतं ते. पहिल्या ओळीत होतं: सदर वेल दळणयंत्रात नव्हे, लाकडी खलबत्त्यात कुटली होती. शेवटी होतं: मिर्ना आकिनो यांचे तीन वर्षांचे सर्व प्रयोग अचूक होते, दोष त्यांच्या हाताचा नव्हता, माझा होता.

मिर्नानं ते दोनदा वाचलं.

"प्रोफे," ती म्हणाली, "पंचवीस वर्षं मी पुडी बांधताना रोज माझ्या हातांकडे बघते. रोज वाटतं, काय बरं चुकत होतं?"

"मला माहीत आहे."

"नाही, तुम्हाला नाही माहीत."

बाईंनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाल्या की विभागात नवी माणसं आहेत, ती मदत करतील, पण हा प्रयोग तिनं करावा असं त्यांना वाटतं. मिर्नानं कागदाची घडी घातली.

"तुम्हीच करा ना, प्रोफे. तुमचा हात चांगला आहे."

बाईंना हे लागलं. लागायलाच हवं होतं. त्या माफी मागून बाहेर पडल्या आणि मला न्यायचं विसरल्या. की मुद्दाम ठेवून गेल्या, कोण जाणे.

तेव्हापासून मी मिर्नाच्या काउंटरवर आहे. ते पत्र तिनं घडी घालून माझ्यातच ठेवलंय. दुपारी दुकान बंद केलं की ती कधीकधी ते काढते, वाचते, परत ठेवते. परवा तिनं नखानं माझं व्हार्निश थोडं खरवडून पाहिलं आणि सोडून दिलं. मी वैतागलोय. अगं बाई, अजून किती वाट बघायला लावणार? बाईंवर राग आहे ना, असू दे, तो काही कुठं जात नाही. पण नदीपलीकडे माणसं अजून जातायत आणि निम्मी अजून परत येत नाहीत. हे व्हार्निश काढ आणि कूट मला. वेल अजून रानात आहे, मुळी बाजारात मिळते, आणि तुझे हात चांगले आहेत हे आता लेखी आहे.