पोट आत न घेता

परवा वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात थांबल्या आणि आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, की मनाच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाण्याआधी काय माहीत असावं लागतं. त्यांना मुलीला न्यायचं होतं. मलाच का विचारलं, ते उघड होतं. माझ्या भावाला मी नेलं होतं, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर घ्या, झोप किती लागते, जेवण किती जातं ते आठवून ठेवा, आणि वेळेच्या थोडं आधी जा. बाईंनी मान डोलावली आणि त्या वर गेल्या. खरं सांगायचं होतं ते वेगळंच होतं. पण उभ्या उभ्या मला काहीच नीट सांगता येत नाही. लिहूनही येईल की नाही, कोण जाणे.

माझा धाकटा भाऊ शिंपी. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. अडतीस वर्षं वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करत बसलो मी, आणि मास्तर म्हणायचे त्याला, यावरून भावजय मला नेहमी चिडवायची. मी एकटा जीव, त्या दोघांकडेच राहत आलो. दुकान घराच्या खालीच होतं. कापायचं लांब टेबल, दोन मशीनं, एक पुरुषभर उंचीचा आरसा, आणि खिळ्यांना अडकवलेले अर्धवट कोट. कोट शिवण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता.

माप घेताना त्याचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "पोट आत घेऊ नका. नेहमीसारखे उभे राहा." टेप गळ्यात घातलेला माणूस समोर आला की गिऱ्हाईक ताठ होतं, छाती काढतं, पोट ओढून घेतं. तसं माप घेतलं तर कोट आरशापुरता बसतो. घरी जाऊन खुर्चीत टेकलं की बटण तुटतं, आणि शिव्या शिंप्याला. म्हणून तो आधी हवापाण्याच्या गप्पा मारायचा, एखादी कोटी करायचा, आणि हसता हसता पोट सुटलं की पटकन टेप फिरवून घ्यायचा.

चौसष्टाव्या वर्षी त्याचं हे सगळं हळूहळू थांबलं. आधी गप्पा थांबल्या. मग जेवण कमी झालं. पहाटे चारलाच त्याला जाग यायची आणि तो पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचा. दुकानात कापड पसरून, खडूने रेघा मारून, हातात कात्री घेऊन तासभर तसाच उभा राहायचा. एका नवरदेवाच्या कोटाला त्याने दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. नवरदेवाचा बाप भला माणूस, काही बोलला नाही. पण त्या दिवशी भाऊ त्या दोन बाह्या मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसून होता.

एकदा मी सकाळी त्याला चहा घेऊन खाली गेलो. तो सुईत दोरा ओवत होता. मान वर न करता म्हणाला, "दादा, सकाळी जागच आली नाही तर किती बरं होईल." उद्या ऊन पडेल असं म्हणावं, त्या सुरात. मी म्हटलं, चहा निवतोय.

डॉक्टरांचं भावजयीनेच काढलं. ती म्हणाली, भाऊजी, तुम्ही जगाचं वाचता, आता घरातलंही जरा वाचा. वेळ ठरवली तीही तिनेच. मध्ये चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी जे केलं, त्यासाठी हे लिहायला बसलो आहे.

वाचनालयाने रद्दीत काढलेली काही पुस्तकं मी घरी आणून ठेवली होती. त्यांत मनाच्या आजारांवरची तीन होती. त्यांतलं सर्वांत नवं चाळीस वर्षांपूर्वीचं. ती मी पुन्हा वाचली आणि डॉक्टर काय काय विचारतील त्याची यादी केली. एकतीस प्रश्न. प्रत्येकापुढे उत्तर लिहिलं. दुपारी जेवणं झाली की मी दुकानात जाऊन स्टुलावर बसायचो आणि भावाला प्रश्न विचारायचो. झोप कशी आहे? आता बरी आहे. काम होतं का? थोडं हळू होतं, पण होतं. भावजय म्हणाली, लग्नाच्या वेळी मुलगी बघायला येतानाही यांना कोणी इतकं पढवलं नव्हतं. नंतर मात्र ती गंभीर झाली आणि म्हणाली, उंटावरून शेळ्या हाकू नका भाऊजी, त्यांचं त्यांना बोलू द्या. मी ऐकलं नाही.

एकोणिसावा प्रश्न जगण्याबद्दल होता. त्यावर भावाने त्या सकाळचं तेच वाक्य म्हटलं, जागच आली नाही तर बरं. मी म्हटलं, हे बोलायचं नाही. त्याने विचारलं, का? मी म्हटलं, ठेवून घेतात.

त्याने हातातली कात्री टेबलावर ठेवली. मग म्हणाला, ठीक आहे, मग काय म्हणू? मी त्याला वाक्य दिलं. कधी कधी कंटाळा येतो, एवढंच.

ठेवून घेतात हे मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, पाहिलेलं होतं. मी अकरा वर्षांचा होतो, तो चारचा. आईचं असंच झालं होतं. बाबांनी तिला एका मोठ्या इमारतीत नेलं, तिची पिशवी माझ्या हातात होती. दाराच्या फटीतून मला आत दिसत होतं. टेबलामागच्या माणसाने विचारलं आणि आईने खरं ते सांगितलं. मला जगावंसं वाटत नाही, म्हणाली. त्यानंतर बाबा आणि मी दोघेच परत आलो. धाकट्याला सांगितलं की आई माहेरी गेली. तीन वर्षांनी ती तिथेच गेली, तेव्हाही त्याला माहेरीच वारली असंच सांगितलं. बाबांनी मला शपथ घातली होती. बाबा गेल्यावर ती सुटली असं मी धरायला हवं होतं. पण गप्प राहायची सवय मला शपथेपेक्षा जास्त लागली होती.

डॉक्टरबाई चाळिशीच्या असतील. खोली लहान होती. टेबल, तीन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा, आणि खिडकीला पट्ट्यांचा पडदा, त्याच्या दोन पट्ट्या तुटलेल्या. भावाने सगळी उत्तरं बरोबर दिली. अडखळला तिथे मी पुरी केली. घरात आणखी कोणाला असा त्रास होता का, असं त्यांनी विचारलं. भाऊ मनापासून नाही म्हणाला. मी तुटलेल्या पट्ट्यांकडे बघत होतो. मग त्या म्हणाल्या, मला यांच्याशी थोडं एकट्याने बोलायचंय. मी म्हटलं, आमच्यात लपवण्यासारखं काही नाही. भाऊही म्हणाला, दादा असू दे. त्यांनी क्षणभर पेन टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काका, उत्तरं अगदी तयार आहेत."

मला ते कौतुक वाटलं.

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. गुण यायला काही आठवडे जातील, मध्येच सोडू नका, म्हणाल्या. दहा दिवसांनी बोलावलं, आणि त्या वेळी मी यांना एकट्यालाच भेटेन, हेही सांगितलं. शेवटी एका कार्डावर फोन नंबर लिहून माझ्या हातात दिला. जगणं नकोसं झाल्याचं हे काही बोलले, तर दहा दिवसांची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. मी हो म्हटलं. ते कार्ड मी उत्तरांच्या कागदात घडी घालून ठेवलं.

पायऱ्या उतरताना भावाने विचारलं, पास झालो का? मी म्हटलं, पहिल्या वर्गात. तो जरासा हसला. त्या हसण्यावर मी आठवडा काढला.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. रोज सकाळी दुकान उघडायचा, दिवसभर मशीन चालायचं. अडकून पडलेले सगळे कोट त्याने पुरे केले. नवरदेवाच्या कोटाला उजवी बाही नव्या कापडाची लावली. प्रत्येक कपड्याला नावाची चिठ्ठी टाचली, उरलेलं कापड घड्या घालून ज्याच्या त्याच्या पिशवीत ठेवलं. मी भावजयीला म्हटलं, बघ, माणूस रुळावर आला. तिलाही बरं वाटलं असावं. सातव्या दिवशी खिळ्यांवर एकही अर्धवट कोट नव्हता. इतकी वर्षं त्या दुकानात वावरून, रिकामे खिळे बघून मला काही कळलं नाही.

त्या दुपारी भावजय बाजारातून आली तेव्हा दुकानाचं शटर आतून लावलेलं होतं. ती हाका मारत राहिली. पुढचं मी लिहिणार नाही. शेजारच्या चावीवाल्याने वेळेत कुलूप तोडलं आणि भाऊ वाचला, एवढं पुरे.

दवाखान्यात तो दोन आठवडे होता. भावजय त्याच्याजवळ बसायची, मी बाहेरच्या बाकावर. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. डबा आणला की माझा वेगळा काढून ठेवायची, पूर्वीसारखाच. फक्त मला भाऊजी म्हणून हाक मारणं तिने बरेच दिवस बंद केलं होतं. अहो, एवढंच म्हणायची.

घरी सोडल्यावर आम्ही पुन्हा त्या खोलीत गेलो. दाराशी भाऊ म्हणाला, दादा, आज तू बाहेर बस. मी बसलो. आतून त्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. माझ्या खिशात तो उत्तरांचा कागद होता. तो का आणला होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

तासाभराने डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. भाऊ खुर्चीत होता, डोळे लाल, पण चेहरा कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता इतका सैल. बाईंनी विचारलं, तुमच्या आईबद्दल मला काही सांगू शकाल? हे म्हणतात मी फार लहान होतो, दादाला माहीत असेल.

मी बसलो नाही. परीक्षेला उभे राहतात तसा उभा राहिलो, हात बाजूला, मान ताठ. म्हणालो, आई माहेरी होती, साधा आजार होता. बोलता बोलता माझा हात खिशाकडे गेला.

भाऊ माझ्याकडे बघत होता. गिऱ्हाइकाकडे बघायचा तसा, खांद्यापासून पोटापर्यंत. हळू आवाजात म्हणाला, "दादा, नेहमीसारखा उभा राहा."

मी खुर्चीत बसलो. मग सांगितलं. ती इमारत, पिशवी, दाराची फट, आईने काय म्हटलं ते, आणि ती तीन वर्षं. सलग सांगता आलं नाही. डॉक्टरबाईंनी लिहायचं थांबवलं होतं. त्या म्हणाल्या, हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर मला उपयोग झाला असता. रागावून नाही, नुसतं सांगितलं. आता पूर्वीसारखं ठेवून घेत नाहीत, दवाखान्यात ठेवावंच लागलं तरी माणूस घरी परत येण्यासाठी ठेवतात, हेही त्या म्हणाल्या. मी मान हलवली. मला ऐकू येत होतं ते भावाचं बोलणं.

"मला वाटायचं, ती माझ्यावर रुसून गेली," तो म्हणाला. "मी तिच्या शिवणाच्या टोपलीतली सगळी रिळं उलगडून ठेवली होती आदल्या दिवशी."

साठ वर्षं तो हे वागवत होता, आणि मी शेजारच्या खोलीत पुस्तकं वाचत होतो.

परतताना आम्ही चालतच निघालो. त्याला अजून दम लागत होता, म्हणून दर चौकात थांबत होतो. त्यानंतर तो सात वर्षं जगला आणि आजारपणाने त्याला साधंसुधं मरण आलं, पण गोळ्यांनी म्हणा, वयाने म्हणा, त्याचा हात थरथरू लागला आणि कोट त्याने पुन्हा कापला नाही. चेन बसवणं, पँटची लांबी कमी करणं, एवढंच करायचा. महिन्याच्या महिन्याला डॉक्टरांकडे जायचा, एकटा. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी दुसऱ्या चौकात, भिंतीला हात टेकून उभा असताना, त्याने विचारलं, "आईला नेलं त्या दिवशी तिच्या अंगात काय होतं?"

मला आठवत होतं. मी म्हटलं, निळा स्वेटर. वरून दुसरं बटण नव्हतं, तिथे पिन लावली होती.

त्याने भिंतीवरचा हात काढला.

"कोणी बटण लावून दिलं नाही का रे तिला?"

मी म्हटलं, नाही.