‘नाही’ निवडल्यावर

मिल्क बँकेच्या सिस्टरचा फोन आला तेव्हा माझी मुलगी नुकतीच झोपली होती. दुपारची तिची झोप म्हणजे माझं ऑफिस. दीड तास, फार तर पावणेदोन. तेवढ्यात होईल तेवढं काम करायचं, उरलेलं ती सासूबाईंच्या मांडीवर असताना. सासूबाई शेजारणींना सांगतात, आमची सून कॉम्प्युटरात बटणं लावते. मी कधी दुरुस्त करायला गेले नाही. वेबसाइटवर लोक फॉर्म भरतात आणि शेवटी बटण दाबतात, ते बटण दाबल्यावर जे व्हायला हवं ते मी लिहिते. म्हणजे बटणंच लावते.

मोठ्या हॉस्पिटलच्या या मिल्क बँकेचा फॉर्मही मीच केलेला. अपुऱ्या दिवसांची बाळं तिथे काचेच्या पेटीत असतात, काहींच्या आयांना दूध येत नाही. ज्यांना जास्त येतं त्या घरी दूध काढून फ्रीजरमध्ये ठेवतात आणि बँकेची गाडी येऊन घेऊन जाते. गाडी येण्यासाठी आधी नोंदणी लागते, आणि नोंदणी त्या फॉर्मवरूनच होते.

सिस्टर तिथल्या प्रमुख. मला अगं पोरी म्हणतात. त्यांनी सांगितलं की सकाळी एका बाईंचा फोन आला होता. बाईंचं म्हणणं, मी तीन महिन्यांपूर्वी फॉर्म भरला, तुमच्याकडून कुणीच बोललं नाही. सिस्टरनी सगळी यादी पाहिली, त्यांचं नाव कुठेच नाही. पुन्हा भरा म्हटलं तर बाई म्हणाल्या, भरला, बटण दाबलं की काहीच होत नाही.

मी आमच्या ऑफिसच्या दादांना कळवलं. आम्ही मोजून तिघं, त्यात दादा मालक. त्यांचं ठरलेलं उत्तर आलं, त्यांना पान रिफ्रेश करायला सांग, नाहीतर मोबाईल जुना असेल. त्याच सकाळी आणखी चार बायकांची नोंदणी व्यवस्थित झालेली होती, तेव्हा मलाही तसंच वाटलं. तरी मी स्वतः फॉर्म भरून पाहिला. माझंच नाव, माझ्याच मुलीचं वजन, साडेसात किलो. गेला. मोबाईलवरून गेला, दुसऱ्या ब्राउझरमधून गेला, नेट मुद्दाम मंद करून पाहिलं तरी गेला. फोन नंबरात अक्षरं टाकली, तारीख उद्याची टाकली, तर जिथल्या तिथे लाल अक्षरांत चूक दाखवली. आमच्या धंद्यातलं सगळ्यात निरुपयोगी वाक्य मग मी मनात म्हटलं: माझ्याकडे तर चालतंय.

शेवटी सिस्टरकडून नंबर घेऊन बाईंनाच फोन लावला.

त्या एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळत होत्या. बोलणं शांत, नेमकं. मी विचारायच्या आधीच त्यांनी मोबाईल कुठला, ब्राउझर कुठला, कितीदा दाबलं ते सांगितलं. माझी सगळी गिऱ्हाइकं अशी असती तर दादांचे केस पिकले नसते. लाल अक्षरं आली का? नाही. फिरणारं चक्र? नाही. पान वरखाली हललं का? तेही नाही. त्या म्हणाल्या, बटण दाबलं जातं, थोडं गडद होतं, पुन्हा होतं तसं होतं.

मी माझ्या यादीतला पुढचा प्रश्न विचारला. अगदी सहज, दुसऱ्या खिडकीत त्यांच्यासाठी फॉर्म उघडत.

“बाळाचं वजन किती टाकलंत?”

 

“वजन मला विचारलंच नाही,” त्या म्हणाल्या.

वजन सगळ्यांना विचारतो तो फॉर्म. फक्त एका प्रश्नाचं उत्तर वेगळं असेल तर विचारत नाही. ‘बाळ तुमच्याजवळ आहे का?’ त्याखाली दोन पर्याय, हो आणि नाही.

मी एवढंच म्हणू शकले की मला दहा मिनिटं द्या, मी परत फोन करते. त्या म्हणाल्या, चालेल, आज मी घरीच आहे.

तो प्रश्न आधी फॉर्ममध्ये नव्हता. मी रजेवर जायच्या आठवड्यात सिस्टर म्हणाल्या होत्या, अगं पोरी, काही आया अशाही असतात गं, त्यांचं दूध थांबत नाही आणि त्यांनाही द्यायचं असतं, त्यांना बाळाचं वजन नि लसीची तारीख विचारू नकोस. मी अर्ध्या तासात केलं. ‘नाही’ निवडलं की बाळाच्या माहितीचा सगळा भाग दिसेनासा करायचा, एवढंच. मग नेहमीसारखी तपासणी. आमच्याकडे तपासणीचा एक तक्ता असतो, एकेक ओळ करून पाहायची आणि पुढे टिक करायची. मी ‘हो’ निवडून सगळ्या ओळी केल्या. ‘नाही’ची ओळ आली. मला आठवा महिना होता. ती आत पाय मारत होती, टेबलाची कड पोटाला लागली की जास्तच. मी स्क्रीनवर ‘नाही’पुढच्या गोलावर बाण नेला आणि दाबलंच नाही. कुणी मला सांगितलं नव्हतं की अशा दिवसांत ‘नाही’ दाबू नये. माझं मीच. ओळीपुढे टिक केली आणि तक्ता पाठवून दिला.

आता ती आतल्या खोलीत झोपली होती, तोंड थोडं उघडं. मी ‘नाही’ निवडलं. वजनाचा भाग नाहीसा झाला, अगदी छान, सरकत. बटण दाबलं. ते गडद झालं आणि होतं तसं झालं.

मी लिहिलेल्या जावास्क्रिप्टच्या फंक्शनमध्ये, म्हणजे बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, अगदी पहिल्या ओळीवर, पानावरच एक खूण छापायला लावली. बटण दाबलं की आधी ती उमटायला हवी. उमटली नाही. म्हणजे माझ्या फंक्शनपर्यंत काही पोचतच नव्हतं. मग ब्राउझरचा कन्सोल उघडला, जिथे बिघाडाच्या नोंदी दिसतात आणि जिथे फॉर्म भरणारं माणूस कधी पाहत नाही. तिथे लाल ओळ होती. जितक्यांदा बटण दाबलं होतं तितक्या ओळी.

झालं होतं ते इतकं साधं होतं. फॉर्म पाठवायच्या आधी ब्राउझर सक्तीचा प्रत्येक रकाना तपासतो. एखादा रिकामा असला तर माणसाला तिथे नेऊन उभं करतो, म्हणतो, हे आधी भरा. मी वजनाचा रकाना दडवला होता, पण त्याच्यावरची सक्ती काढली नव्हती. ब्राउझरला रिकामा रकाना सापडत होता, तो दिसत नसल्यामुळे कुणाला तिथे नेता येत नव्हतं, आणि मग तो काही न बोलता गप्प बसत होता. ज्या बाईने ‘नाही’ म्हटलं तिच्याकडेही तो फॉर्म बाळाचं वजन मागतच होता. फक्त तिला सांगत नव्हता.

दुरुस्ती एका ओळीची. भाग दडवताना त्यातले रकाने बंदही करायचे. चार मिनिटं लागली. दादांनी पाहून लिहिलं, एवढंसंच होतं होय?

हा फॉर्म अर्धवट भरलेला मजकूरही साठवून ठेवतो, बाळ उठलं म्हणून मध्येच सोडावा लागला तर पुन्हा पहिल्यापासून नको. ते साठवलेले फॉर्म मी उघडले. गेल्या दहा महिन्यांत ‘नाही’ निवडून अडकलेले सहा होते. त्यातला एक एकाच संध्याकाळी अकरा वेळा उघडलेला. सिस्टरना कळवलं. त्या म्हणाल्या, बाकीच्या पाचजणींशी मी बोलते, ते माझं काम, तू आधी ह्या बाईंचं बघ. आणि ह्या बाईंचं बघण्यात एक अडचण होती. गोठवलेलं दूध बँक नव्वद दिवसांच्या आतलंच घेते.

मी पुन्हा फोन लावला. बाटल्या किती आणि कधीच्या ते विचारलं. त्यांनी तारखा तोंडपाठ सांगितल्या. अठरा बाटल्या. मुलगी अकरा दिवस पेटीत होती, तिला दोन-दोन थेंब नळीने जायचे, उरलेलं त्या साठवत गेल्या. ती गेल्यावरही दोन आठवडे दूध येत राहिलं, तेही साठवलं. मग फॉर्म भरला.

मी कागदावर वजाबाकी केली. दोनदा केली. पंधरा बाटल्यांची मुदत संपली होती. तीन बाटल्यांचे अजून दोन दिवस उरले होते.

हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, हो, माझाही हिशोब तेवढाच येतो. पानावर नव्वद दिवसांचं लिहिलेलं त्यांनी तेव्हाच वाचलं होतं. एकेक बाटली हातातून जाताना त्या मोजत होत्या. मी विचारलं, मग आधी फोन का नाही केलात?

“मला वाटलं, जिचं बाळ राहिलं नाही तिचं दूध नको असेल तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “तसं तोंडावर कोण सांगणार? म्हणून काही बोलत नसाल. आता तीनच राहिल्या, तेव्हा म्हटलं, नकार असेल तर तो कानांनी ऐकावा.”

मला त्यांना सांगावंच लागणार होतं. ब्राउझरवर, मोबाईलवर, नेटवर कशावरही ढकलता आलं असतं, त्यांनी मान्यही केलं असतं. मी म्हटलं, तुम्हाला कुणीही नकार दिला नव्हता. चूक माझी होती. ‘नाही’ निवडून मी ते बटण एकदाही दाबून पाहिलं नव्हतं.

“का?”

“तेव्हा मला आठवा महिना होता.”

कुठेतरी त्यांच्या घरात नळ चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

“मीही दाबलं नसतं,” त्या म्हणाल्या.

त्यापुढे आम्ही दोघी कामाचंच बोललो. दूध देणाऱ्या आईची रक्ततपासणी लागते, त्यासाठी सिस्टरनी बाळंतपणातला रिपोर्ट चालेल म्हणून सांगितलं आणि दुपारच्या फेरीतली गाडी धरून ठेवली. पंधरा बाटल्यांचं काय, असं बाईंनी विचारलं. त्या आपल्या हाताने मोरीत ओतणं त्यांच्याने होणार नव्हतं. बँकेच्या नियमाप्रमाणे मुदत संपलेलं दूध दारातही येऊ देत नाहीत. सिस्टर म्हणाल्या, तिला म्हणावं, अठराच्या अठरा दे, पुढचं मी बघते. काय बघणार ते मी विचारलं नाही.

नोंदणी सिस्टर स्वतःच भरून टाकणार होत्या, पण बाई नको म्हणाल्या. मीच भरते, मला बघायचंय ते चालतंय का. म्हणून मी नोंदणीची यादी उघडून बसले. आतून कुरकूर ऐकू आली, सासूबाई माझ्याकडे एक नजर टाकून आत गेल्या, अंगाईसारखं काहीतरी पुटपुटायला लागल्या. तीन वाजून सहा मिनिटांनी यादीत नवी ओळ आली. त्यांचं नाव, पत्ता, ‘नाही’, बाटल्या तीन. त्यांनी शाळेतल्यासारखं सगळं नीट भरलं होतं, अगदी घराच्या खुणेसकट. मला एकदम हलकं वाटलं.

आणि मग आठवलं, आता त्यांच्यासमोर काय उघडलं असेल.

नोंदणी झाली की फॉर्म एक आभाराचं पान दाखवतो. ‘नाही’ निवडलेलं कुणी आजवर तिथपर्यंत पोचलंच नव्हतं, म्हणून ते पान सगळ्यांसाठी एकच होतं. ते वाक्यही माझंच. ‘मनःपूर्वक आभार. तुम्हाला आणि तुमच्या बाळाला खूप खूप शुभेच्छा!’ शेजारी फुगा धरलेल्या बाळाचं चित्र.

मी लगेच फोन लावला.  त्यांनी उचलला आणि मी हॅलोऐवजी सरळ माफीच मागायला लागले. ते पान बघू नका, बंद करा, माझ्या लक्षातच आलं नाही, असं काहीबाही.

“वाचलं मी,” त्या म्हणाल्या.  “अकरा दिवस होती ती. घरी आली की येतो, असं सगळे म्हणत होते. नंतर आले ते सांत्वनालाच आले. शुभेच्छा तिला कुणी दिल्याच नव्हत्या.”

 

मी म्हटलं, ते वाक्य मी आत्ताच्या आत्ता काढते.

“काढाच. दुसऱ्या कुणाला नको दिसायला.” मग म्हणाल्या, “मी त्याचा फोटो काढून ठेवलाय.”

गाडी किती वाजता येईल ते त्यांनी विचारलं. मी साडेचार सांगितलं. दोन डबे केले होते त्यांनी, एका डब्यावर चिठ्ठी चिकटवली होती, ‘तीन बाटल्या, बाळांसाठी’. दुसऱ्यावर काय लिहावं ते सुचत नव्हतं, गाडीवाल्याचा घोटाळा व्हायला नको म्हणून विचारत होत्या. ‘जुनं’ लिहावं तर तसं लिहवत नव्हतं. मी बराच विचार केला. आत मुलगी पुरती जागी झाली होती, सासूबाई तिला घेऊन दारात येऊन उभ्या होत्या, आणि तिने माझ्याकडे दोन्ही हात केले होते.

मी म्हटलं, काही लिहू नका. एकावर लिहिलंय ना, मग कळेल त्याला.