बोलणाऱ्यास विचारणे

कोशकाकांच्या ‘हं’चे तीन प्रकार होते. लांबलचक ‘हंऽऽ’ म्हणजे मी वाचतोय, आखूड ‘हं’ म्हणजे मी लिहितोय, आणि वर चढत जाणारा ‘हं?’ म्हणजे तू अजून इथेच आहेस का! तुझं म्हणणं कळलं आणि हा बघ मी उठलो, अशा अर्थाचा चौथा ‘हं’ही असू शकतो, पण चौतीस वर्षांच्या संसारात तो काकूंच्या कानावर एकदाही पडला नव्हता.

काका एका कोशाचे संपादक होते. आपल्या बोलण्यात मुरलेल्या इंग्रजी शब्दांचा हा कोश, आणि तो करण्याची पद्धत मोठी हट्टी. शब्दाच्या प्रत्येक अर्थाला एक जाड कार्ड, आणि त्या कार्डावर त्या अर्थाचं एक वाक्य. हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून खरोखर ऐकलेलं हवं. कोण बोललं, कुठे, कोणत्या तारखेला, ते खाली लिहायचं. डोक्यातून काढलेलं वाक्य सापडलं तर काका ते कार्ड फाडत आणि लिहिणाऱ्याशी दोन दिवस बोलत नसत. काकूंशी मात्र काहीही फाडलं नाही तरी ते बोलत नसत.

ह्या सोमवारी काकूंनी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. डॉक्टरांनी यंत्रं लावली, शिट्ट्या वाजवल्या आणि सांगितलं, ‘‘कान अगदी ठणठणीत. विशीतल्या पोराला ऐकू येणार नाही ते ह्यांना येतं.’’ दुसऱ्या कुणा बाईला आनंद झाला असता. काकू घरी आल्या, माळ्यावरची बॅग काढली आणि लेकीला फोन करून सांगितलं, येत्या रविवारी तुझ्याकडे येते. परत कधी जायचं ते बघू.

बहिऱ्या नवऱ्याबरोबर राहता येतं. कान शाबूत असलेला नवरा ऐकत नाही, याचं करायचं काय? आपण घरात असलो काय, नसलो काय, ह्या माणसाला फरकच पडत नाही, एवढा एकच अर्थ काकूंना त्यातून दिसत होता.

शुक्रवारी काका केस कापायला गेले आणि कार्यालयातून फोन आला. टाचणीबाईंचा. ह्या सहसंपादक, चुका टोचून दाखवतात म्हणून सगळे त्यांना टाचणीबाई म्हणत आणि त्यांनाही ते आवडत असे.

‘‘वहिनी, एक काम करा ना. सरांनी ‘लाइन’चा खोका घरी आणून ठेवलाय. पुढचे सगळे शब्द तयार आहेत हो, छापखाना थांबलाय. आठ महिने झाले.’’

‘‘आठ महिने? एका शब्दाला?’’

‘‘शब्दाला नाही, एका कार्डाला. अडतीस अर्थ, त्यातले सदतीस झाले. त्या एकापाशी घोडं अडलंय. कुठलं ते दाखवतही नाहीत. आज काहीही करून खोका पाठवायला सांगा.’’

खोका पुस्तकांच्या कपाटात खालच्या फळीवर सापडला. चपलांचाच खोका. काकूंनी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला, चष्मा लावला आणि पहिलं कार्ड काढलं.

‘बेसिनची लाइन तुंबलीय, प्लंबरला बोलवा. अर्थ: नळी, वाहिनी. बोलणारी: गृहिणी, ५७, स्वयंपाकघरात.’

काकूंनी तारीख पाहिली. दोन वर्षांपूर्वीची. प्लंबर शेवटी त्यांनीच आणला होता.

‘दवाखान्यात सकाळीच जाऊन लाइन लावा. अर्थ: रांग. गृहिणी, ५७, दारात.’ ‘लेक लाइनवर आहे, फोन घ्या. अर्थ: दूरध्वनीचा संपर्क. गृहिणी, ५८.’ ‘शेजारच्यांचा पोरगा कुठल्या लाइनला गेला? अर्थ: व्यवसाय.’ ‘चष्मा फ्रिजमध्ये! आता तरी लाइनवर या! अर्थ: ताळ्यावर येणे.’

गृहिणी, गृहिणी, गृहिणी. अडतिसातली एकतीस कार्डं काकूंची होती. मधल्या वाढदिवसाला वयसुद्धा बरोबर बदललं होतं. म्हणजे ह्या माणसाने शब्दन् शब्द ऐकला, स्वल्पविरामासकट टिपला, खोक्यात ठेवला, आणि खुर्चीवरून म्हणून हलला नाही! काकूंचा पारा चढायला लागला. तेवढ्यात हे कार्ड हाती आलं: ‘कॉलेजात तुम्ही माझ्यावर लाइन मारायचात, आठवतंय का? अर्थ: प्रेमाराधन करणे. (ग्राम्य.)’

मग पाऱ्याला चढायला जागाच उरली नाही.

सगळ्यात खाली, लाल क्लिप लावलेलं एक कार्ड होतं. बाकीची कोरी करकरीत. ह्याचे कोपरे मात्र मऊ पडलेले, मधोमध घडी, खिशात वागवल्यासारखं.

‘तुमच्याशी हल्ली लाइनच लागत नाही. गृहिणी, ५८, गॅलरीत, कपडे वाळत घालताना.’

अर्थाची जागा रिकामी. त्याखाली कोशाचा नियम लिहिलेला: ‘अर्थ निश्चित नसल्यास बोलणाऱ्यास विचारणे.’ आणि मग बारीक अक्षरात तारखांची रांग. ‘आज विचारायचं. राहिलं.’ ‘जेवताना विचारायचं. राहिलं.’ ‘रविवारी नक्की.’ ‘राहिलं.’ आठ महिन्यांत एकोणीस वेळा राहिलं होतं.

काकू खुर्चीवर बसल्या. ते वाक्य त्यांना आठवत होतं. पाठ करूनच बोलल्या होत्या आणि उत्तरादाखल आखूड ‘हं’ आला होता.

काका आले तेव्हा टेबलभर कार्डं मांडलेली होती.

‘‘ग्राम्य?’’ काकू म्हणाल्या.

‘‘तू नव्हे. प्रयोग ग्राम्य.’’

‘‘आणि बेसिन? ऐकलंत, तारीख घातलीत, उठला का नाहीत?’’

‘‘वाक्य फार छान होतं गं,’’ काका बोलून गेले आणि लगेच पस्तावले.

काकूंनी लाल क्लिपचं कार्ड त्यांच्यापुढे सरकवलं. ‘‘सदतीस अर्थ कळले आणि हा एवढाच कळला नाही तुम्हाला?’’

काकांनी मान चोळली. मानेवर कापलेले केस तसेच चिकटलेले होते.

‘‘कळला. त्याच दिवशी कळला.’’

‘‘मग अडवून कशाला ठेवलंत?’’

‘‘नियमाप्रमाणे तुला विचारावं लागलं असतं. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस.’’ त्यांनी खाली बघितलं. ‘‘भीती वाटली.’’

काकूंना राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण त्याच्या आधी रडू आलं. आठ महिने त्या समजत होत्या की ते वाक्य हवेत विरून गेलं. आणि हा वेडा माणूस ते खिशात घेऊन भाजीला जात होता, कार्यालयात जात होता.

‘‘विचारा आता,’’ त्या म्हणाल्या.

काकांनी खुर्ची ओढली आणि समोर बसले. ‘‘तुला काय म्हणायचं होतं?’’

‘‘मी रविवारी गेले, तर मी नाही हे तुम्हाला कळायला किती दिवस लागतील?’’

‘‘बॅग काढलीस तेव्हापासून झोप नाही मला.’’

‘‘मग बोलायचं नाही का?’’

‘‘नाही जमलं. मला ऐकता येतं फक्त.’’

‘‘तर मग ऐका. कार्डं बाजूला ठेवा, पेन्सिल पण. एका वाक्यात संपणार नाही हे.’’

काकूंनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. दुसऱ्या वर्षापर्यंत आल्या तोच फोन वाजला. टाचणीबाई होत्या. खोका कधी पाठवताय, छापखानेवाले दारात बसलेत.

‘‘आज नाही,’’ काका फोनमध्ये म्हणाले. ‘‘बोलणारी बोलतेय.’’