सही केलेली जर्सी

जर्मनीतल्या कोलोनमधलं घर आम्हाला मुदतीआधी सोडायचं होतं, त्यामुळे आमच्या जागी येणारा नवा भाडेकरू, म्हणजे नाखमीटर, आम्हीच शोधून घरमालकीणबाईंना सुचवायचा होता. पहिला आला डॅरेल, शहराच्या बास्केटबॉल टीममधला काळा अमेरिकन खेळाडू. माझा नवरा पुष्कर त्याची एकही मॅच चुकवत नाही. दारातून वाकून आत आलेला डॅरेल चहा पिताना म्हणाला, "फोनवर घर रिकामं असतं. मी दारात दिसलो की ते कालच गेलेलं असतं."

पुष्कर फार हळहळला. अंगातल्या जर्सीवर त्याने डॅरेलची सही घेतली आणि दार लागताच मला म्हणाला, "ह्याचं नाव नको द्यायला. ह्या लोकांचं काही सांगता येत नाही. शेजारी काय म्हणतील?"

माझं डोकंच फिरलं. सहीची शाईसुद्धा वाळली नव्हती. मी तिथल्या तिथे घरमालकीण फ्राऊ लेंत्सना फोन लावला, डॅरेलचं नाव सांगितलं आणि शेजाऱ्यांना चालेल ना, तेही विचारलं.

"शेजारी?" बाई म्हणाल्या. "तुम्ही राहायला आलात तेव्हाही म्हणाले होते, ह्या लोकांचं काही सांगता येत नाही."

"हे जरा परत सांगा," मी म्हणाले आणि रिसीव्हर पुष्करच्या हातात दिला.