हाताला गुंडाळलेला दोर

मित्रांनो, मी शिडाची एक होडी. आता जुनी झाले आहे. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठावर, एका बाभळीखाली मी पालथी पडलेली असते. अंगावरच्या पांढऱ्या रंगाचे पोपडे निघाले आहेत आणि 'झुळूक' या माझ्या नावातली निम्मी अक्षरे उडाली आहेत.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका शेडमध्ये झाला. कारागिरांनी साच्यात काचेच्या धाग्यांचे कापड थरावर थर चिकटवून माझे अंग घडवले. ट्रकमध्ये बसून घाट चढून मी इथे आले. मी अरुंद आणि हलकी. दोन माणसे बसली की वाऱ्यावर अशी सुटायचे की काठावरचे लोक चहा विसरून बघत राहायचे.

मुलांना शीड शिकवणारे शेखर सर पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत. "शिडाचा दोर हातात धरायचा, हाताला गुंडाळायचा नाही. वारा जड झाला की सोडून द्यायचा. शीड फडफडेल आणि होडी आपोआप उभी राहील."

मग सायखेड्याचा किशोर आला. कॉलेजसाठी नाशिकला राहायचा. त्याच्या घरी शर्यतीचे बैल होते आणि लहानपणापासून तो गाडा हाकत आला होता. वेगाची भीती त्याला ठाऊकच नव्हती.

"सर, आमच्याकडं कासरा सुटला म्हणजे माणूस गेला," तो म्हणाला. "धरलेलं सोडायचं नाय, हेच शिकलोय."

"बैल थांबवायला तू कासरा ओढतोस ना?" सर म्हणाले. "ही बया उलटी आहे. हिला थांबवायचं तर सोडायचं."

किशोरला ते पटले. तरी जोर लागला की त्याचे मनगट नकळत फिरायचे आणि दोराचा एक वेढा हाताला बसायचा. सर ओरडत, तो जीभ चावून वेढा काढत असे. गंगापूर रोडला राहणारी मोहिनी त्याची जोडीदार होती. ती त्याला 'गाडामालक' म्हणायची.

मेअखेरीच्या एका दुपारी त्र्यंबकच्या डोंगरांकडून वारा उठला. पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला. सरांनी सगळ्या होड्या परत बोलावल्या.

"सर, एकच फेरी," किशोर म्हणाला. "असा वारा रोज कुठं मिळतो?"

सरांनी पाण्याकडे एक नजर टाकली. "एकच. आणि दोर..."

"हातात. गुंडाळायचा नाय. पाठ झालंय सर."

मित्रांनो, तशी मी त्याआधी कधी धावले नव्हते. माझे पुढचे अंग पाण्याबाहेर आले होते. डोलकाठी गुणगुणत होती आणि पाणी खडीसारखे अंगावर आदळत होते. मोहिनी माझ्या काठावर पाय रोवून पाठीमागे पाण्यावर रेलली होती.

"नीट धर गं, नाहीतर उडशील थेट ओझरला," किशोर ओरडला.

"विमानतळ आहे तिथं. उतरेन बरोबर," ती म्हणाली. दोघेही हसत होते.

शिडाचा दोर किशोरच्या हातात होता आणि ओला होता. त्याच्या तळहातांची साले निघत होती. मग त्याचे मनगट फिरले. एक वेढा, त्यावर दुसरा. मला दिसले, पण मला तोंड नाही.

डोंगराच्या खिंडीतून मोठा झोत आला आणि मी कलले.

"सोड," मोहिनी ओरडली.

त्याने मूठ उघडली. हे मी खात्रीने सांगते, त्याने मूठ उघडली. पण मनगटावरचा वेढा आवळला गेला होता. शीड सुटले नाही. मी आडवी झाले आणि मग पूर्ण पालथी. मोहिनी बाजूला फेकली गेली. किशोर माझ्याखाली, शिडाच्या बाजूला अडकला. ती पुन्हा पुन्हा बुडी मारून दोराशी झटत होती. ओला, ताणलेला दोर बोटांनी सुटत नाही. सर मोटरबोट घेऊन आले, त्यांनी चाकूने दोर कापला. तोवर उशीर झाला होता.

काही दिवसांनी किशोरची आई, मालनबाई, काठावर आली. तिने माझ्यावर हात ठेवला आणि मोहिनीला विचारले, "त्यानं सोडला व्हता का?"

"हो मावशी. मूठ उघडली होती."

बाई माझ्या कडेला टेकली. मग म्हणाली, "लहान व्हता तवा कासरा त्याच्या हातातून निसटायचा. म्हणून त्याच्या बापानं मनगटाला गुंडाळून दिला. मी शेजारीच उभी व्हते. मला कौतुक वाटलं व्हतं."

त्यानंतर कुणी मला पाण्यात नेले नाही. काहींनी मला अपशकुनी ठरवले. मोहिनी मात्र येते. आता नव्या मुलांना तीच शिकवते. त्यांना माझ्याभोवती बसवते, प्रत्येकाच्या हातात दोर देते, दुसरे टोक स्वतः खेचते आणि मध्येच म्हणते, "सोड." ज्याच्या मनगटाला दोर अडकतो, त्याला त्या दिवशी पाण्यात जायला मिळत नाही. मुले रुसतात. ती ऐकत नाही.

मुलांनो, होडीची काळजी घ्या, शीड वाळवा, दोर धुऊन ठेवा. पण वारा अंगावर आला की आधी हात मोकळा असू द्या. शीड फडफडेल, शर्यत हुकेल, काठावरचे हसतील. हसू द्या. सोडलेली होडी उभी राहते आणि उभी होडी माणसाला काठावर आणते. किशोरला मी आणू शकले नाही.