बावीस सेंटिमीटर

मंगळवारी सकाळी जैनबनं उंची मोजायच्या लेव्हलच्या दुर्बिणीतून तिसऱ्यांदा पाहिलं. आकडा तोच आला. लाल खुंटीचं डोकं विहिरीच्या पायरीपेक्षा एक मीटर चाळीस सेंटिमीटरनं उंच हवं होतं. भरत होतं एक अठरा.

साल त्र्याऐंशीचं. धायरीबाहेरच्या शेतांमधे एक टेकाड होतं, त्याखाली जुनं देऊळ गाडलं गेलं होतं. त्या हंगामात दोन महिन्यांपासून तिथं उत्खनन चाललं होतं आणि मोजमापाचं काम जैनबकडे होतं. वीट निघो, खापर निघो की मातीचा रंग बदलो, ते त्या खुंटीच्या डोक्यापासून किती खोल आहे हे ती वहीत लिहायची. खुंटी जागची हलली नाही ना, हे रोज सकाळी विहिरीच्या पायरीशी ताडून पाहायचं असा नियम होता. पहिले पंधरा दिवस तिनं तो पाळला. आकडा रोज तोच यायचा, मग तिनं ते सोडून दिलं. काल दुर्बीण तिवईसकट आडवी झाली, ती बिघडली नाही ना हे बघायला आज ती पायरीकडे वळली होती.

दुर्बीण ठीक होती. खुंटीच खाली गेली होती. कधी गेली, हे मात्र कळायला मार्ग नव्हता.

पहिल्या खड्ड्यात विटांची फरशी एक साठवर निघाली होती. बारा मीटरवरच्या तिसऱ्या खड्ड्यातही फरशी निघाली, तीही एक साठवर. दोन्ही फरशा एका पातळीत, म्हणजे एकच प्रशस्त मंडप, असं उत्खननाच्या प्रमुख मंदाकिनीबाईंनी पुरातत्त्व खात्याला कळवलं होतं. शुक्रवारी अधिकारी बघायला यायचे होते.

ती टेकाडावरून खाली उतरली, पुन्हा वर आली. वहीची पानं उलटली, मिटली, परत उघडली. मजुरांचा मुकादम बजरंग चहा घेऊन आला तर तिनं तो नुसताच हातात धरून ठेवला.

"बजरंग, या खुंटीला कुणी हात लावला होता का?"

"म्या तर न्हाई, ताई. काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि आपल्याच उत्तराचा तिला राग आला.

दुपारच्या सुट्टीत बायका बाभळीखाली भाकऱ्या सोडून बसल्या. जैनबनं तिथं जाऊन सगळ्यांनाच विचारलं. सरुबाईनं लगेच मान वर केली. खुरप्याच्या आवाजावरून खाली वीट आहे की दगड हे सांगणारी ही बाई, टेकाडावरचा सगळ्यात जाणता हात.

"ती लाल खुंटी व्हय? माझ्या शेरडानं उपाटली हुती. म्या तिथंच जवळ दगडानं ठोकून पक्की बशिवली. हलवून बघा की!"

"कधी, सरुबाई? दिवस आठवतो?"

"आठवंना कसा? आमच्या शकूला बघाय पाव्हणं आल्तं त्यो बेस्तरवार. गेला सोडून त्याच्या आदला."

जैनबनं वही उघडली. तिसरा खड्डा त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सुरू झाला होता. म्हणजे पहिले दोन खड्डे बरोबर, तिसरा पहिल्या आकड्यापासून चुकलेला. त्याची फरशी बावीस सेंटिमीटर आणखी खाली होती.

सरुबाईचा हात भाकरीवरच थांबला. "ताई, माझ्यामुळं काय बिघाडलं का?"

जैनबला आठवलं, गेल्या हंगामात खणताना निघालेला घडा फोडला म्हणून मंदाकिनीबाईंनी एका बाईला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको सांगितलं होतं. "तुम्ही जेवा," एवढंच म्हणून ती तंबूकडे निघाली. अर्ध्या वाटेवर थांबली. शुक्रवार उलटू द्यावा, मग सांगावं, असंही मनात येऊन गेलं. तेवढ्यात तंबूतून हाक आली, "जैनब, उन्हात का उभी आहेस?"

तिनं आत जाऊन सगळं सांगून टाकलं. मंदाकिनीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे अकरा दिवस आपण खुंटीच्या मर्जीनं देऊळ बांधत होतो. छान. हलवली कोणी?"

"ते मी सांगणार नाही, बाई. रोज तपासायचं काम माझं होतं. मी तपासलं नाही."

"मी विचारलं ते तू ऐकलंस ना?"

"शेरडू माझं हुतं." दारात सरुबाई उभी होती, हात मातीनं भरलेले. "मला काय ठावं त्या खुंटीवर एवढं हाय ते? कुनी सांगितलंच न्हाई कवा."

मंदाकिनीबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "खरं आहे. कुणी सांगितलं नाही." आणि सरुबाईकडे वळून, "ते शेरडू उद्यापासून घरी बांधा. तुम्ही या."

जैनबकडे न पाहता त्यांनी हात पुढे केला. "मोजमापाची वही इकडे दे. हंगाम संपेपर्यंत तू फक्त नकाशे काढायचेस."

पुढचे दोन दिवस जैनब स्वारगेटहून पहिल्या बसनं आली. खुंटी नव्यानं बसवली गेली, तिसऱ्या खड्ड्याची मापं पुन्हा घेतली गेली. दुर्बिणीला डोळा बजरंगचा, वही मंदाकिनीबाईंची. जैनब मोजपट्टी धरून उभी राहायची. आकडा ऐकला की बोटं आपोआप पेन्सिल शोधायची.

शुक्रवारी अधिकाऱ्यांसमोर मंदाकिनीबाईंनी मंडपाचं पत्र मागे घेतलं. "माझ्या हंगामातली चूक आहे," एवढंच म्हणाल्या, नाव कुणाचं घेतलं नाही. मग सगळ्यांना एकच प्रश्न पडला : दोन फरशा वेगवेगळ्या काळातल्या, की मधे एखादी पायरी होती?

शनिवारी दोन फरशांच्या मधली जमिनीची पट्टी खणायला घेतली. सरुबाई पुढे, जैनब काठावर कागद घेऊन. दुपारपर्यंत खुरप्याचा आवाज नुसता भुसभुशीतच येत राहिला. पूर्वी कुणीतरी तिथल्या विटा केव्हाच उकरून नेल्या होत्या आणि खळगा मातीनं भरून टाकला होता; मधे पायरी होती की नव्हती, हे सांगायला काही उरलं नव्हतं.

"हितं काय बी न्हाई, ताई," सरुबाई म्हणाली. "नेलं सगळं."

जैनबनं कागदावर खळग्याची कड तुटक रेषेनं काढली. पलीकडची कड सापडेना, म्हणून ती खाली उतरली आणि सरुबाईशेजारी बसून हातानंच माती चाचपू लागली.